सूर्याकडे पाठ

डिसेंबर लागला की महाराष्ट्रातल्या गावोगावच्या देवळांचे, बुरुजांचे आणि नदीघाटांचे एकाच घडणीचे फोटो दिसू लागतात. मागे केशरी आकाश, क्षितिजाला टेकलेला सूर्य आणि पुढे वास्तूची निव्वळ काळी आकृती. कधी सूर्य कळसाच्या टोकावर नेमका बसवलेला असतो, कधी दोन खांबांच्या मधोमध धरलेला. अशा फोटोमागे मेहनत नसते असे कोणी म्हणू नये. सूर्य कुठे उतरणार याचा अंदाज घ्यावा लागतो, शेताच्या बांधावर पुढेमागे सरकून जागा पक्की करावी लागते, आणि बिंब क्षितिजाला टेकल्यापासून पुरते बुडेपर्यंत हाती जेमतेम अडीच मिनिटे असतात. तरीही ही सगळी मेहनत चुकीच्या दिशेला तोंड करून घेतलेली आहे, असे माझे मत आहे. हिवाळ्यातल्या संध्याकाळी खेड्यातल्या जुन्या वास्तूचा फोटो काढायचा असेल, तर सूर्याकडे पाठ करावी. मावळता सूर्य हा फोटोचा विषय नव्हे. तो त्या वेळचा दिवा आहे, आणि दिवा ज्यावर पडतो ते पाहायचे असते. हे मत आवडीनिवडीचे वाटेल, पण त्यामागे बरेचसे साधे भूगोलाचे आणि दगडाचे हिशेब आहेत. ते एका ठरावीक देवळावर मांडून पाहिले तर बोलणे हवेत राहत नाही, म्हणून खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर समोर धरतो.

खिद्रापूर हे कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातले, कृष्णेच्या काठचे, कर्नाटकच्या सीमेला लागून असलेले लहान गाव. चहूबाजूंना ऊस. गावात शिरेपर्यंत इथे एवढे मोठे काही असेल अशी शंकाही येत नाही. मंदिर पूर्वाभिमुख, काळ्या पाषाणाचे, मुख्यतः शिलाहारांच्या काळातले, बाराव्या शतकातले. पुढे यादव राजा सिंघण याने देवाला दान दिल्याचा देवनागरी लिपीतला संस्कृत शिलालेख दक्षिण दरवाजाजवळ आहे. तो शके ११३६ चा, म्हणजे इसवी सन १२१३-१४ चा. समोरच्या स्वर्गमंडपात अठ्ठेचाळीस कातीव खांब आहेत आणि त्याच्या छताच्या मध्यभागी वर्तुळाकार मोकळीक ठेवलेली आहे. मुख्य मंदिराच्या तळाशी हत्तींची रांग आहे. देऊळ त्यांच्या पाठीवर तोललेले आहे असे वाटावे, अशा बेताने ती कोरली आहे. वरच्या भिंतींवर देवदेवता, सुरसुंदरी, वेलबुट्टी यांची दाटी. या वर्णनात एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती: गर्भगृहावरचे शिखर मूळचे नाही, ते नंतरच्या काळात उभारलेले आहे. आता हे देऊळ सूर्यासमोर धरून त्याची काळी आकृती टिपा. त्या आकृतीत सगळ्यांत ठळक काय येते? शिखर. स्वर्गमंडप बुटका आणि वरून सपाट, त्यामुळे त्याची बाह्यरेषा एखाद्या कोठारासारखी साधी दिसते; त्याच्या छतातली मोकळीक बाहेरून दिसतच नाही. म्हणजे ज्या कामासाठी खिद्रापूरचे नाव घेतले जाते ते बाराव्या शतकातले सारे काम काळोखात जाते, आणि जे नंतर जोडले गेले तेवढेच आकाशावर उमटते. देऊळ सुंदर, संध्याकाळ सुंदर, पण फोटोत नेमके देऊळच नाही.

आता सूर्य कुठे असतो ते पाहू. आपण शाळेत सूर्य पश्चिमेला मावळतो असे शिकतो. तसा तो वर्षातून दोनच वेळा, विषुवदिनांच्या आसपास मावळतो. खिद्रापूरच्या अक्षांशावर, म्हणजे विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे पावणेसतरा अंशांवर, २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य ठीक पश्चिमेच्या जवळजवळ चोवीस-पंचवीस अंश दक्षिणेला मावळतो. पूर्वाभिमुख देवळाची दक्षिणेची लांब भिंत पूर्व-पश्चिम धावते. तेव्हा हिवाळ्यातले मावळतीचे ऊन या भिंतीवर समोरून येत नाही. भिंतीला पंचवीस ते तीस अंशांचा कोन करून घासत जाते. मार्चच्या विषुवदिनानंतर मावळतीचे ऊन या भिंतीला शिवतही नाही, ते उत्तरेच्या भिंतीवर जाते. पश्चिमेची, गाभाऱ्यामागची भिंत दोन्ही ऋतूंत मावळतीला उजळते, पण तिच्यावर ऊन जवळजवळ तोंडावर पडते आणि तोंडावर पडलेल्या उजेडात कोरीव काम चपटे होते. म्हणून हिवाळ्याची संध्याकाळ ही दक्षिण भिंतीची वेळ आहे. फोटो काढणारा उत्तरेकडे तोंड करून तिच्यासमोर उभा राहिला की सूर्य त्याच्या डाव्या खांद्याच्या किंचित मागे येतो. सूर्याकडे पाठ म्हणताना मला एवढेच अभिप्रेत आहे. शरीराची दिशा काटेकोर मोजायची नाही, नजर बिंबावरून काढून भिंतीवर आणायची आहे.

त्या भिंतीवर तासभर आधीपासून काय घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. दुपारी बाराच्या पुढे याच भिंतीवर ऊन होते, पण तेव्हा सूर्य आकाशात जवळजवळ पन्नास अंश वर असतो. सावल्या वरून खाली पडतात. भुवयांची सावली डोळ्यांवर येते, छातीची पोटावर, मूर्तीवरच्या कोरीव कमानीची थेट चेहऱ्यावर, आणि दगड मुळातच काळा असल्यामुळे सावलीतला तपशील पुरता गिळला जातो. साडेचारनंतर हिशेब बदलू लागतो. सूर्यास्ताला तास उरतो तेव्हा सूर्य बारा-तेरा अंशांवर उतरलेला असतो आणि सावल्या आडव्या होतात. भिंतीतून दोन बोटे बाहेर आलेल्या हाताची सावली चार बोटे शेजारी पडते. एवढी सावली आकार उठवून दाखवायला पुरेशी असते आणि शेजारची मूर्ती झाकून टाकण्याइतकी मोठी नसते. पैंजणाचा एकेक मणी वेगळा होतो. कमरपट्ट्याच्या झुलत्या लडी मांड्यांपासून सुटतात. हत्तीच्या कानाची पातळ कड उजळते, आणि जिथे सोंड तुटलेली आहे तिथला खडबडीत, ओबडधोबड भाग शेजारच्या घासून गुळगुळीत केलेल्या गंडस्थळापासून वेगळा ओळखू येतो. शिवाय ही भिंत सरळ नाही, कोनाकोनांनी आतबाहेर घेतलेली आहे. त्यामुळे प्रत्येक पुढे आलेल्या कोनाची पश्चिमेकडची बाजू लख्ख आणि पूर्वेकडची अंधारी होते, आणि देवळाची आखणी आराखडा हाती न घेताही वाचता येते. शिलालेख वाचणाऱ्यांना ही युक्ती फार जुनी आहे. झिजलेली अक्षरे समोरच्या उजेडात दिसत नाहीत, म्हणून ते तिरप्या उन्हाची वाट पाहतात, नाहीतर अंधार पडल्यावर बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने मारतात. वीरगळावरचा घोडेस्वार असो की दानलेखातला शक, तो तिरप्या उजेडात वर येतो. हिवाळ्याची संध्याकाळ हेच काम फुकट, आणि एकाच वेळी सगळ्या भिंतीवर करून देते.

यात गंमत अशी की बिंबाची शोभा आणि भिंतीवरचा उजेड यांचे आपसात जमत नाही. सूर्य डोळ्यांना सोसवेल असा लाल गोळा होतो तेव्हा त्याचा प्रकाश हवेच्या फार जाड थरातून आलेला असतो. निळा भाग वाटेत विखरून गेलेला असतो आणि उरलेला तांबडाही मंद झालेला असतो. थंडीत सांजेला जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवा गार आणि जड राहते, वरची त्या मानाने उबदार. त्यामुळे धूळ आणि धूर वर न जाता जमिनीलगत साठतात. ऊसपट्ट्यात तर याच दिवसांत गाळप हंगाम ऐन भरात असतो. कारखान्यांची धुराडी चालू असतात, गुऱ्हाळे पेटलेली असतात आणि तोड झालेल्या फडात पाचट पेटवून देण्याची सवय अजून पुरती गेलेली नाही. फोटोतला तो देखणा लाल गोळा बऱ्याच अंशी या धुराची करामत आहे. पण असा गोळा भिंतीवर धड सावलीही पाडू शकत नाही. जो बिंब सोसवेल इतके मऊ होण्याची वाट पाहत थांबतो, त्याच्या पाठीमागे भिंतीवरचा खरा उजेड तोवर येऊन गेलेला असतो. भिंतीची उत्तम वेळ सूर्यास्ताआधी तासभरापासून पाव तासापर्यंतची. बिंबाची उत्तम वेळ शेवटच्या पाच मिनिटांची. दोन्ही साधता येतील, असे कोणी म्हणेल, आणि वेळापत्रक म्हणून ते खरेही आहे. व्यवहारात मात्र त्या पाऊण तासात फोटो काढणारा नदीच्या बाजूला तिवई रोवून जागा अडवून बसलेला असतो.

याला पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की फोटो म्हणजे पुरातत्त्व खात्याची नोंद नव्हे. काळी आकृती मुद्दामच सगळे गाळते. तपशील गेला की मन उरते. कातरवेळेची हुरहुर, गावाची शांतता, काळाचे ओझे हे सगळे त्या एका रेषेत येते, आणि कलावंताने काय ठेवावे, काय टाकावे हे त्याला सांगणारे तुम्ही कोण? हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. काही वास्तूंचा अर्थ खरोखरच त्यांच्या बाह्यरेषेत असतो. दीपमाळेचे पाहा: वर निमुळता होत जाणारा खांब आणि त्याला फुटलेले दिवे ठेवायचे हात, एवढीच तिची गोष्ट, ती आकाशावर काळी उमटली तर काहीच हरवत नाही. सिन्नरच्या गोंदेश्वराचे शिखर भूमिज शैलीचे, थरावर थर चढत जाणारे आणि मूळ कामाचा भाग असलेले. त्याची रेषा पाहूनही शिल्पशास्त्र जाणणारा ते ओळखेल. एकटा मनोरा, माळावरचा वड, किल्ल्याचा सुळका यांनाही हेच लागू. कसोटी सोपी आहे: नुसत्या रेषेवरून ती वास्तू कोणती हे सांगता येते का? येत असेल तर काळ्या आकृतीत ती वास्तू आहे. येत नसेल तर आकृतीत फक्त संध्याकाळ आहे आणि देऊळ निमित्ताला उभे आहे. आणि गाळण्याचाच मुद्दा असेल तर कला काहीतरी निवडून बाकीचे गाळते. इथे निवड कोणी केली? प्रकाशाच्या दिशेने केली, आणि तीच निवड खिद्रापुरात, मेणवलीत, पैठणच्या घाटावर, सगळीकडे सारखीच होते. शंभर वेगवेगळ्या वास्तूंतून शंभर वेळा एकच भाव निघत असेल, तर तो भाव त्या वास्तूंचा नाही, हे कलेच्याच बाजूने बोलणाऱ्याने मान्य करायला हवे. दक्षिण भिंतीवरच्या एका सुरसुंदरीच्या गालावरून ऊन उतरत असताना तिचा फोटो काढणाऱ्यालाही निवड करावी लागते: कोणती मूर्ती, किती जवळून, सावली कुठवर आल्यावर. त्या निवडीत त्याचे स्वतःचे काहीतरी असण्याची शक्यता जास्त.

दुसरा आक्षेप आजच्या यंत्रांचा आहे. मोबाईलचे कॅमेरे आता एका क्षणात कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो घेतात आणि त्यांचे एकच चित्र जुळवतात. आकाशही जळत नाही आणि देऊळही काळे पडत नाही. मग एक तर बिंब, नाही तर भिंत, हा पेच उरतोच कुठे? तो उरतो, कारण यंत्र उजेडाचे प्रमाण बदलू शकते, त्याची दिशा नाही. सूर्य देवळामागे असला की आपल्या बाजूच्या भिंतीवर सूर्याचे ऊन नसतेच. तिच्यावर असतो तो पाठीमागच्या सगळ्या आकाशातून आलेला पसरट, मऊ उजेड. त्या उजेडाला दिशा नसल्यामुळे सावली नसते आणि सावली नसल्यामुळे उठाव नसतो. यंत्राने ती भिंत कितीही उजळवली तरी हाती येतो एक करडा, सपाट पृष्ठभाग, ज्यावर मूर्ती आहेत हे कळते पण त्या कशा कोरल्या आहेत हे कळत नाही. उलट, जुळवलेल्या चित्रात मागे पेटलेले आकाश आणि पुढे सावलीविना उजळलेला दगड असे दोन न जुळणारे प्रकाश शेजारी येतात, आणि पाहणाऱ्याला काय खटकते आहे ते सांगता आले नाही तरी खटकते जरूर.

तिसरा आक्षेप परंपरेच्या नावाने येतो. मावळत्या सूर्याला अर्घ्य देणारी, तिन्हीसांजेला दिवा लावून हात जोडणारी ही माणसे. त्यांना सूर्याकडे पाठ करा असे सांगणे म्हणजे रीत मोडणे नव्हे का? इथे त्याच जिल्ह्यातले दुसरे मंदिर उत्तर देते. कोल्हापूरच्या अंबाबाईचे देऊळ पश्चिमाभिमुख आहे. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून आत शिरतात आणि क्रमाने देवीच्या चरणांवर, छातीवर आणि मुखावर पोहोचतात. या किरणोत्सवाच्या दोन वेळा मनास येईल तशा पडलेल्या नाहीत. २१ डिसेंबरपासून मागे आणि पुढे साधारण एकेचाळीस दिवस मोजले की आपण याच दोन मुक्कामांवर येतो, कारण त्या दोन्ही वेळी सूर्य आकाशात त्याच रेषेवर असतो. एकदा दक्षिणेकडे जाताना, एकदा परतताना. बांधणाऱ्यांना हिवाळ्यातला सूर्यास्त पुरता ठाऊक होता. आणि त्या पाच-सात मिनिटांत मंदिरात जमलेली माणसे काय करतात? सगळी सूर्याकडे पाठ करून उभी असतात. किरण आता उंबऱ्यावर आले, आता चरणांवर, आता गुडघ्यांवर, असे मोजत त्यांची नजर आत लागलेली असते; हवेत धुरके असले किंवा वाटेत एखादी इमारत आड आली आणि किरण मुखापर्यंत पोहोचले नाहीत, की हळहळही तिथेच व्यक्त होते. सूर्यास्त पाहायला कोणी आलेले नसते. सूर्यास्ताने उजळलेली देवी पाहायला आलेले असतात. तेव्हा रीतच पाहायची झाली तर ती माझ्या बाजूला अधिक आहे.

चौथा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो, कारण तो माझ्याच युक्तिवादाच्या पोटातून निघतो. काळी आकृती देवळाचे खरे रूप लपवते म्हणता, मग सोनेरी ऊन तरी खरे रूप कुठे दाखवते? पाषाण काळा आहे, तो मधाच्या रंगाचा दिसतो. आणि ज्या सावल्या मूर्ती उठवून दाखवतात त्याच तिच्या अर्ध्या भागावर पडदा टाकतात. झीज असते त्याहून जास्त भासते, उथळ रेघ खोल वाटते. हे खरे आहे. रंगाबाबत तर वादच नाही: मावळतीचे ऊन रंगाची साक्ष देऊ शकत नाही, दगडाचा रंग हवा असेल तर ढगाळ दिवस किंवा सूर्य बुडाल्यानंतरचा उजेड बरा. पण आकाराची साक्ष मात्र त्याच्याइतकी चांगली कोणी देत नाही, आणि कोरीव काम हे मुळात आकाराचे काम आहे. सावलीच्या पडद्यावर उपाय म्हणजे एका फोटोवर समाधान न मानणे. सकाळचे ऊन याच दक्षिण भिंतीवर उलट्या बाजूने, आग्नेयेकडून येते आणि संध्याकाळी जे झाकलेले असते ते उघडते. उत्तरेच्या भिंतीसाठी मार्च उलटण्याची वाट पाहावी लागते, आणि जूननंतर ढग आडवे येतात म्हणून एप्रिल-मे गाठावे लागतात. स्वर्गमंडपाच्या आतल्या भागाला संध्याकाळचा उपयोगच नाही. त्याला वरच्या मोकळीकीतून उजेड मिळतो तो सूर्य माथ्याजवळ असताना. एवढे सगळे धरले तर एक देऊळ पुरते पाहायला एक वर्ष लागते. हिवाळ्याची संध्याकाळ त्या वर्षातला एक पाठ आहे. ती पूर्ण सत्य सांगते असा माझा दावा नाही. तिच्याजवळ सांगण्यासारखे जे आहे ते ऐकून घ्यावे, एवढाच आहे.

हे सारे इतके महत्त्वाचे का, याचे कारण खेड्यातल्या वास्तूंच्या नशिबात आहे. शहरातल्या प्रसिद्ध इमारतीचे हजार फोटो असतात, तिच्यावर संशोधक असतात, नकाशे असतात. खेड्यातल्या देवळाची पुष्कळदा कोणी हौसेने काढलेले फोटो हीच नोंद असते. अशा नोंदीची किंमत काय असते ते पाहा. रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत होता. त्यांतल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. त्याने कॅमेऱ्याने टिपलेल्या लेण्यांच्या प्रतिमा १८६४ साली पुस्तकरूपाने निघालेल्या होत्या, त्या राहिल्या. हेन्री कझिन्सचे दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरचे पुस्तक १९३१ चे. गोंदेश्वर किंवा अंबरनाथच्या देवळाची गेल्या शतकात किती झीज झाली हे पाहायचे तर आजही त्यातल्या प्रतिमा उघडाव्या लागतात. गिलच्या काळातल्या कॅमेऱ्याच्या काचांना तांबडा प्रकाश जवळपास दिसतच नसे, त्यामुळे मावळतीचे तिरपे सोनेरी ऊन त्यांच्या फारसे कामाचे नव्हते. आज खिशातल्या मोबाईललाही ते दिसते. आणि नोंदीची गरज कमी झालेली नाही. शिरोळ तालुक्याने २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णेचे महापूर पाहिले आहेत. उजनी धरणाच्या पाण्यात पळसदेवचे जुने देऊळ गेले, ते पाणी ओसरले तरच दिसते. कुठे मूर्तींवर ऑईलपेंट चढतो, कुठे जीर्णोद्धारात जुना दगड फरशीखाली जातो. या बदलांपैकी एकही बदल काळ्या आकृतीत दिसणार नाही. तीस वर्षांच्या अंतराने काढलेल्या दोन काळ्या आकृत्या शेजारी ठेवल्या तर त्यांतली जुनी कोणती हे सांगता येणार नाही. दक्षिण भिंतीचे दोन फोटो ठेवले तर पुराच्या गाळाची रेघ, निसटलेला चिरा, नव्याने उडालेला टवका, सगळे सांगता येईल.

त्यासाठी हिवाळ्याइतका सोयीचा काळ दुसरा नाही. मार्चमध्ये सूर्य मावळण्याची जागा रोज बरीच सरकते, पण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ती जवळजवळ थबकलेली असते. या सगळ्या काळात तिचे सरकणे सूर्याच्या दोन-तीन बिंबांच्या रुंदीइतकेही नसते. आकाश बहुधा निरभ्र. ऊसतोड चालू असल्यामुळे आसपासचे फडही मोकळे होत जातात आणि ऊन भिंतीपर्यंत विनाअडथळा येते. म्हणजे दरवर्षी पाच आठवडे तोच दिवा, त्याच कोनात, त्याच भिंतीवर लागतो. प्रयोगशाळेत यासाठी खर्च करावा लागला असता. इतकी हमी हाताशी असताना एवढेच करायचे राहते: भिंतीसमोर ठरलेल्या जागी उभे राहायचे, आणि फोटोखाली देवळाच्या नावासोबत भिंतीची दिशा, तारीख आणि वेळ लिहायची. ज्याला हुरहुरच टिपायची आहे त्याने ती जरूर टिपावी, काळी आकृती जरूर काढावी. फक्त तिच्याखाली 'खिद्रापूरची एक संध्याकाळ' असे लिहावे. 'कोपेश्वर मंदिर' असे लिहायचे असेल, तर त्या फोटोत कोपेश्वर मंदिर दिसले पाहिजे.